घरशाळेचं रोजचं वेळापत्रक: दोन तासांत बसतं का हो?

फलटणकरीण | १४ जून, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. या वर्षीपासून दोघांना शाळेतून काढून घरी शिकवतेय. का काढलं यावर हा धागा नको, त्यावर घरात पुरेशी भांडणं झाली आहेत. (थोडक्यात: बस सकाळी ६:५० ला, घरी सव्वाचारला, थोरली दप्तरासकट जिन्यातच झोपायची.) मी घरून जीएसटीचे रिटर्न भरायचं काम करते. नवऱ्याचं दुकान आहे, म्हणजे तो नऊ ते नऊ नाही असंच धरा. सासूबाई घरात आहेत आणि त्यांना हे प्रकरण अजिबात पटलेलं नाही.

१ जूनला मी एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. साडेआठला प्रार्थना, मग मराठी, गणित, मधली सुट्टी, परिसर अभ्यास, इंग्रजी, कला, असं दोन वाजेपर्यंत. प्रत्येक विषयाला वेगळा रंग. मोबाईलवर तासाची घंटासुद्धा लावली. दोन दिवस मजा आली. चौथ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला धाकटा डायनिंग टेबलाखाली जाऊन बसला तो बाहेरच येईना. पुढच्या आठवड्यात घंटा वाजली की माझ्याच पोटात गोळा यायला लागला. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख, फोनवर फोन. त्या दिवशी दोघांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कार्टून बघितलं आणि मी बघू दिलं.

तर प्रश्न असा. माझ्याकडे रोज दोन तास आहेत, ओढूनताणून अडीच. मुलं दोन, इयत्ता दोन. यात बसेल आणि महिनाभर तरी टिकेल असं वेळापत्रक कुणी केलंय का? आदर्श नको. टिकणारं हवंय.

टवाळ | १४ जून, रात्री ११:३२

दोन तास? आमच्या शाळेत हजेरी, 'वही विसरलो' आणि 'मागच्या बाकावर कोण बोलतंय रे' यातच दोन तास जायचे. ते वगळलं तर बसेल की.
(दिवे घ्या, गंमत केली)

मनीमाऊ | १५ जून, सकाळी ७:०५

वाचतेय. पुतणीचं हेच चाललंय घरी.

अण्णा_डहाणू | १५ जून, सकाळी ८:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. शिक्षण हे काय रिटर्न आहे, दोन तासांत भरून मोकळं व्हायला? माझी दोन्ही मुलं सहा-सहा तास शाळेत बसली, वर शिकवणी. आज दोघंही पायावर उभी आहेत. आणि दोन तास अभ्यास झाल्यावर उरलेला दिवस ही मुलं करणार काय? कार्टूनचा उल्लेख तुम्हीच केला आहे.

कढीपत्ता | १५ जून, सकाळी ९:४८

टवाळ, तुमचा विनोद हिशेबात चपखल बसतोय बघा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट आहे. त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास झाले, सहा नाहीत. आणि प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण. २४० मिनिटं भागिले ३०, एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची आठ मिनिटं.

हा हिशेब जरा लबाड आहे हे मलाही कळतं. दुसऱ्याला दिलेलं उत्तर ऐकूनही मूल शिकतं, फळ्यावरचं तर सगळ्यांचंच असतं. पण घरी दोन मुलांना दोन तास म्हणजे फार कमी, असं घाबरण्याचं कारण नाही एवढं नक्की.

अण्णा, सहा तास बसण्यातली किती मिनिटं कामाची होती हे तुमच्या मुलांनाच विचारा एकदा. :)

टवाळ | १५ जून, सकाळी १०:०२

आठ मिनिटं! मला तर वर्षभरात सगळी मिळून आठ मिळाली असतील, त्यातली सहा बाकावर उभा राहून.

दुर्गम_गुरुजी | १५ जून, रात्री ९:१५

मी अकोले तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट एकोणीस. आधीच सांगतो, मुलांना शाळेतून काढणं मला पटत नाही. पोरं पोरांकडून जे शिकतात ते आईकडून शिकत नाहीत, हे वीस वर्षं बघतोय. पण तुम्ही तो विषय नको म्हणालात, म्हणून इथेच थांबतो.

ताई, तुमची अडचण वेळेची नाही. एका माणसानं दोन इयत्ता सांभाळायची आहे, आणि ते आम्ही रोज करतो. माझ्याकडं पहिली आणि चौथी एकाच खोलीत आहेत, म्हणजे तुमच्या घरातल्याच इयत्ता.

आमची रीत अशी. एका इयत्तेला तोंडाचं काम, दुसरीला हाताचं. पहिलीला मी समोर घेऊन वाचन घेतो, अक्षरं घेतो, गोष्ट विचारतो. तेव्हा चौथी वहीत उदाहरणं सोडवते. वीस मिनिटांनी फिरवायचं. आता चौथीला भागाकार समजावतो, पहिली पाटीवर गिरवते किंवा चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग करते.

यात एक मेख आहे आणि नवीन शिक्षक तिथंच फसतो. हाताला दिलेलं काम आधी येत असलेलंच पाहिजे. नवीन गोष्ट हाताला दिली की दर दोन मिनिटांनी "गुरुजी, हे कसं?" सुरू होतं, मग ना ही इयत्ता धड ना ती. नवीन सगळं तोंडाच्या वेळात. हाताला फक्त सराव.

परिसर अभ्यास, गोष्टी, कविता, चित्र हे दोन्ही इयत्तांना एकत्रच घ्या. ओढ्यावर गेलं की पहिलीचा पोरगा खेकडे मोजतो आणि चौथीची पोरगी पाणी कुठून येतं ते विचारते. विषय एकच, प्रश्न आपापले. त्याला वेगळे तास करत बसू नका.

वह्यांचंही बघा. धाकट्याला चौरेघी द्या, एकरेघीत त्याचं अक्षर उड्या मारेल. गणिताला दोघांनाही चौकटीची, म्हणजे हातचा बरोबर घरात बसतो. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, गाइड घेऊ नका.

फलटणकरीण | १५ जून, रात्री १०:४०

गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी नेमकं उलटं करत होते. थोरलीला "हा नवीन धडा तू वाच आणि प्रश्नोत्तरं लिही" म्हणून बसवायचे आणि धाकट्याबरोबर त्याला येत असलेलीच अक्षरं घोकायचे. म्हणून ती दर मिनिटाला "आई" आणि तो टेबलाखाली.

अण्णा, राग नाही. उरलेल्या दिवसाचं मलाही नीट उत्तर सापडलेलं नाही.

पेन्सिलव्हेनियातली_वहिनी | १६ जून, पहाटे ४:३०

(माझी संध्याकाळ आहे, काळजी नसावी.)

आम्ही पेनसिल्व्हेनियात. इथे घरशाळा कायदेशीर आहे, पण अमेरिकेत नियम राज्यागणिक वेगळे. टेक्सासात कुणाला कळवावंही लागत नाही. आमच्याकडे दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास भरायचे. कामाची फाइल ठेवायची, वर्षाअखेरी मूल्यमापक येऊन मुलाशी बोलतो आणि ती बघतो.

९०० भागिले १८० म्हणजे दिवसाला पाच तास! पहिल्या वर्षी मी हे आकडे बघून हबकले आणि तुझ्यासारखंच रंगीत एक्सेल केलं. ऑक्टोबरपर्यंत मी आणि मुलगा एकमेकांशी फक्त ओरडून बोलत होतो. मग एका जुन्या घरशाळावाल्या बाईंनी मला विचारलं, "तासच का मोजतेस? दिवस मोज की. 'किंवा' लिहिलंय ना तिथे?" खरंच 'किंवा' होतं. इतके महिने तो शब्द मी वाचलाच नव्हता.

तेव्हापासून टेबलावर दीड-दोन तास, बास. बाकीचं वहीत एका ओळीत लिहिते: वाचनालय, पोहणं, आजोबांशी व्हिडिओवर बुद्धिबळ, पोळ्यांची कणीक मोजून मळणं. अण्णा, तुमच्या 'उरलेला दिवस काय करणार' याचं माझं उत्तर ही वही. कंटाळाही येतो त्यांना. येऊ देते. कंटाळल्यावर अर्ध्या तासानं माझ्या मुलानं खोक्यांचा लिफ्ट असलेला वाडा केला होता.

एक नाव सांगते. शार्लट मेसन, १८४२ ते १९२३, इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ. लहान मुलांचे धडे पंधरा-वीस मिनिटांचेच ठेवा आणि सकाळीच उरका हा त्यांचा आग्रह. धडा छोटा असला की मूल पूर्ण लक्ष देतं, लांबला की लक्ष न देण्याची सवय लागते. मला हे पटलं कारण माझंही तसंच होतं.

म्युनिकची_माई | १६ जून, दुपारी १:१२

तुम्हा लोकांचा हेवा वाटतो. इथे जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे, घरशाळा चालतच नाही. आमची घरशाळा म्हणजे फक्त मराठी, रोज पंचवीस मिनिटं.

पण त्यावरून एक शिकले. मी आधी साडेसहाची वेळ ठरवली होती. कधी ट्राम उशिरा, कधी माझी मीटिंग, आणि एकदा साडेसहा टळले की त्या दिवशी मराठी नाहीच. मग वेळ काढून टाकली. आता जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी वाचायचं. जेवण सातला असो की साडेआठला. जेवण चुकत नाही, म्हणून मराठीही चुकत नाही. खरकट्या हातानं पान उलटायचं नाही एवढाच नियम, त्यामुळे पानं मी उलटते. पुस्तकांना डाळीचे डाग आहेत ते वेगळं.

फलटणकरीण | १६ जून, दुपारी ३:५०

माई, हे भारी आहे. आमच्याकडे न चुकणाऱ्या गोष्टी म्हणजे सकाळचा चहा, साडेदहाचा कुकर आणि सासूबाईंचं दुपारी पडवीत बसून काहीतरी निवडणं-सोलणं.

त्यावरून आठवलं. काल सासूबाई शेंगा सोलत होत्या आणि धाकटा शेजारी. मला वाटलं गोष्ट चाललीय. ऐकलं तर त्या त्याला निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, म्हणून दाखवत होत्या! "आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळं यायचं चौथीपर्यंत. तुझ्या आईला औटकी विचार." मला खरंच येत नाही.

टवाळ | १६ जून, दुपारी ४:०१

औटकी म्हणजे चंद्रावर गेलेली चौकी का?

काजूगर | १६ जून, दुपारी ४:३०

टवाळ, साडेतीनाचा पाढा रे बाबा! औट म्हणजे साडेतीन. माझे आजोबा बाजारात सात नग साडेतीन रुपयांनी घेतले की दुकानदाराच्या आधी साडेचोवीस म्हणायचे. कागद नाही, बोटं नाहीत.

सासूबाईंना नेमा ताबडतोब. फुकटात गणिताची बाई मिळतेय आणि ती विरोधी पक्षातून फुटून येतेय.

मनीमाऊ | १६ जून, संध्याकाळी ६:१०

पावकी-निमकी ठीक आहे, पण आधी संख्यानामं! आमच्याकडे 'एकोणसत्तर' म्हटलं की पुतणी ७९ लिहिते. दर वेळी. सत्तर ऐकलं की तिचा हात सातावर जातोच.

कढीपत्ता | १६ जून, संध्याकाळी ६:२५

म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असं वाचन आणलं होतं. मला तरी ते सोयीचं वाटलं होतं. जोडाक्षरं आणि उलटा क्रम दोन्ही टळतात.

अण्णा_डहाणू | १६ जून, संध्याकाळी ७:००

सोयीचं! भाषा सोयीसाठी मोडायची का? उद्या 'पंचाहत्तर' म्हणताना जीभ वळत नाही म्हणून काय करणार? आमची जीभ वळलीच ना?

कढीपत्ता | १६ जून, संध्याकाळी ७:०८

मोडायला कुणी सांगितलं? दोन्ही शिकवा म्हणतोय. आणि जिभेचा प्रश्नच नाही, हाताचा आहे. वर मनीमाऊंनी काय लिहिलंय ते वाचा.

टवाळ | १६ जून, संध्याकाळी ७:१५

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे, नग पन्नास तीन*

अण्णा_डहाणू | १६ जून, संध्याकाळी ७:२१

त्रेपन्न!!

संपादक | १६ जून, रात्री ८:००

संख्यानामांचा धागा आधीच आहे, ४०० प्रतिसाद झालेत आणि निकाल लागलेला नाही. कृपया तिकडे. इथे वेळापत्रक.

झाडाखाली | १७ जून, रात्री १२:४०

मी थोडं वेगळं लिहितो. आम्ही करून बघितलं आणि आठ महिन्यांनी सोडलं. मुलगी आता शाळेत जाते, बरी आहे.

मी नोकरी सोडून शिकवत होतो, म्हणजे माझ्याकडे वेळच वेळ. तोच घात झाला. गणिताचा धडा अर्ध्या तासात नाही झाला तर पाऊण तास, मग तास. "एवढं संपवू आणि उठू." ते कधी संपायचंच नाही. तिनं मला चेष्टेनं 'सर' म्हणायला सुरुवात केली. पुढे चेष्टा गेली, सर राहिलं. मी खुर्ची ओढली की तिला तहान लागायची, शी लागायची, पोटात दुखायचं.

आज परत करायचं झालं तर एकच करेन. सुरुवात कधी ते सैल ठेवेन, शेवट पक्का ठेवेन. वीस मिनिटं झाली की उदाहरण अर्धं असलं तरी वही बंद. अर्धं राहिलेलं दुसऱ्या दिवशी तिला आठवतंच. मला हे फार उशिरा कळलं.

तुमच्याकडे दोनच तास आहेत ही अडचण समजू नका.

मनीमाऊ | १७ जून, सकाळी ७:३०

झाडाखाली, प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं.

एक शंका, विषयाबाहेर वाटल्यास सोडून द्या. पुढे दहावीचं काय? माझ्या वहिनीला सगळे हेच विचारून भंडावतात.

काजूगर | १७ जून, सकाळी ९:१५

माझा मुलगा त्यातून गेलाय म्हणून सांगते. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ती केंद्राची, १९८९ पासून आहे. दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण हवीत, विषय पाच, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या सुमारास आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, आम्ही दोन खेपांत दिले. लहानांसाठी त्यांच्याच अ, ब, क पातळ्या आहेत, तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या. राज्य मंडळातून बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

कायद्याचंही कुणीतरी विचारेलच. शिक्षण हक्क कायद्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, कलम १०. पण पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरशाळेचं नावही नाही. म्हणजे परवानगीही नाही, बंदीही नाही. आम्ही कागदपत्रं, वह्या, फोटो सगळं जपून ठेवलं.

नऊ वर्षांच्या पोरीसाठी आत्तापासून दहावीचा घोर नको गं. आधी वेळापत्रक.

अण्णा_डहाणू | १७ जून, सकाळी ११:४५

माई आणि झाडाखाली यांचे प्रतिसाद वाचून मला एक आठवलं. आमच्या तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम केलं. बोर्डीला १९४५ मध्ये सुरुवात, १९५७ ला कोसबाड. तिथली आदिवासी मुलं शाळेत यायची नाहीत, कारण त्यांना गुरं राखायला जावं लागायचं. तेव्हा या बायकांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि शेजारी मुलं शिकताहेत.

म्हणजे घड्याळापेक्षा घरातल्या कामाला शाळा बांधायची हे काही परदेशातून आलेलं नाही, एवढंच नोंदवतो. तुमच्या सासूबाईंच्या शेंगा मला त्या दृष्टीनं योग्य वाटतात. सहा तासांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

टवाळ | १७ जून, दुपारी १२:००

अण्णांचं मत अर्धं बदललं! सहाचे तीन तास झाले, म्हणजे निमकी.

फलटणकरीण | १८ ऑगस्ट, रात्री १०:५५

धागा वर काढतेय, माफी. दोन महिने झाले, हिशेब द्यायला आले.

एक्सेल उडवलं, घंटाही. आता फ्रिजवर पाठकोऱ्या कागदावर चारच ओळी आहेत आणि एकाही ओळीत वेळ लिहिलेली नाही.

चहा झाला की धाकटा माझ्यासमोर वाचनाला, थोरली चौकटीच्या वहीत. वीस मिनिटांनी अदलाबदल. मग पंधरा मिनिटं दोघं अंगणात, मी ईमेल बघते. परत एक फेरी, या वेळी मराठी-इंग्रजी. कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीपर्यंत दोघांना एकत्र गोष्ट किंवा परिसर अभ्यास. कुकर उतरला की शाळा सुटली, वाक्य अर्धं असलं तरी. (झाडाखाली, हे तुमचं. पहिल्या आठवड्यात फार जड गेलं. आता थोरलीच म्हणते, "आई, शिट्टी झाली".) दुपारी पडवीत आजीचा तास, शेंगा असोत की घेवडा. माझा भाग साधारण पावणेदोन तासांचा होतो.

११ आणि २० तारखेला (रिटर्नचे दिवस) शाळा बंद. तसं कागदावरच लिहून टाकलं. आधी त्या दिवशी शाळा बुडाली म्हणून अपराधी वाटायचं, आता सुट्टी आहे. वहिनींचं 'दिवस मोज' ऐकलं म्हणून हे सुचलं.

मध्ये पालखी आली तेव्हा घरी तीन दिवस पंचवीस माणसं. शाळा काय भरणार! पण थोरलीनं भाकऱ्यांच्या पिठाचा हिशेब आजीबरोबर केला, आणि परभणीकडच्या एका वारकरी आजींना विचारून त्यांचं गाव नकाशात शोधलं. आजींनी नकाशा पहिल्यांदाच हातात घेतला होता. दोघी किती तरी वेळ बोटानं गोदावरी शोधत होत्या. मी ते वहीत एका ओळीत लिहिलं: 'पालखी. ३ दिवस.'

आता काय जमत नाही ते. धाकट्याचं वाचन अडखळत का होईना सुरू झालं. पण थोरली लिहीत नाही. बोलायला द्या, तासभर बोलेल. निबंध म्हटलं की तीन ओळी. "माझा आवडता सण दिवाळी आहे. मला दिवाळी आवडते. दिवाळीला मजा येते." बास. शुद्धलेखन घालून बघितलं, उतारे काढून घेतले. अक्षर सुधारलं, लिखाण नाही. आणि तीन ते पाच हा वेळ अजून टीव्हीच्याच घशात जातो. अण्णा, तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

पेन्सिलव्हेनियातली_वहिनी | १९ ऑगस्ट, पहाटे ५:००

तीन ते पाचचं माझ्याकडेही काही उत्तर नाही. पाऊस थांबला की आपोआप बाहेर पडतील. लिहिण्याचं म्हणशील तर ती बोलते ते तू लिहून घे, मग तिला वाचायला दे. स्वतःचं वाक्य कागदावर बघितलं की काहींना चेव येतो. माझ्या मुलाला आला. मुलीला नाही आला.

दुर्गम_गुरुजी | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

फ्रिजवरच्या चार ओळी वाचून बरं वाटलं.

लिखाणाचं असं आहे की दिवाळीचा निबंध वाचणार कोण? तुम्हीच. आणि तुम्हाला तिची दिवाळी आधीच माहीत आहे. मग ती सांगेल कशाला? माझी चौथीची पोरं निबंधाला तीन ओळीच लिहायची. गेल्या वर्षी त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेला पत्रं लिहायला लावली. आमच्याकडं भात कसा लावतात हे समोरच्याला खरंच माहीत नव्हतं, तेव्हा पोरांनी दीड-दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण पान भरलं.

या वर्षी चौथीत माझ्याकडं पाच पोरं आहेत. तुमच्या लेकीला हरकत नसेल तर त्यांना लिहू दे. ती पाच जण आणि ही एकटी, म्हणजे तिला लिखाण जास्त पडेल, पण बघा. शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो. पोस्टानंच पाठवा. फोटो काढून मोबाईलवर नको, पोरांना पोस्टमनची वाट बघायला आवडतं.

सुरुवातीला मी म्हणालो होतो की पोरं पोरांकडून शिकतात. ते अजून म्हणतोच.

काजूगर | १९ ऑगस्ट, रात्री ९:४४

गुरुजी _/\_

फलटणकरीण | २१ ऑगस्ट, रात्री १०:२०

काल २० तारीख, म्हणजे सुट्टी. मी रिटर्न भरत होते आणि थोरली पडवीत आजीशेजारी बसून पत्र लिहीत होती. मला वाचायला दिलं नाही. आजीला अर्धं वाचून दाखवलं. एवढं कळलं की पानाच्या दोन्ही बाजू भरल्यात, आणि पहिलाच प्रश्न आहे, "तुमच्या शाळेत घंटा आहे का? आमच्या शाळेत होती, ती आईच्या मोबाईलमध्ये होती."

टवाळ | २१ ऑगस्ट, रात्री १०:३१

गुरुजी, आहे का?

दुर्गम_गुरुजी | २२ ऑगस्ट, सकाळी ६:४५

आहे. पण काय आहे आणि कशानं वाजवतात ते मी इथं सांगत नाही. पोरं लिहितील तिला.